सही खरी कशावरून?

नार्व्याच्या श्री सप्तकोटेश्वराच्या देवळात शिरताना दारावर एक शिलालेख दिसतो. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, शिवाजी राजांच्या आज्ञेने देवालयाच्या कामाला प्रारंभ झाला, एवढाच त्याचा आशय. इसवी सन १६६८. त्यावर राजांची सही नाही, मुद्रा नाही. तरी त्या लेखावर अभ्यासक विसंबतात. शके १५९० ला साठ संवत्सरांच्या चक्रातले कीलकच येते. हा हिशेब आजही कुणी मांडून पाहावा. दगड ज्या देवळाविषयी बोलतो त्याच देवळात आहे. आणि देव तिथे कसा आला याची हकीकत पिढ्यांनी जपली आहे. गोव्याच्या कदंबांचे हे कुलदैवत, त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर याचेच नाव. मूळ देऊळ दिवाडी बेटावर, जुन्या नार्व्यात. चौदाव्या शतकात ते मोडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडले, आणि लिंग भाविकांनी नदीपलीकडे डिचोली महालात आणले. २०२३ च्या फेब्रुवारीत जीर्णोद्धार होऊन देऊळ पुन्हा खुले झाले तेव्हा तेथे जमलेल्या माणसांना हा सगळा प्रवास तोंडपाठ होता.

संगीताच्या जुन्या वस्तूंवरच्या सह्या खऱ्या की खोट्या हे ठरवताना याहून वेगळे काही करायचे नसते. काळ जुळतो का, वस्तूचा आणि मजकुराचा मेळ बसतो का, आणि ती या हातांपर्यंत कोणकोणत्या हातांतून आली, हे पाहायचे. सहीच्या अक्षरांचे वळण ही त्यानंतरची गोष्ट. बाजारात मात्र सगळा क्रम उलटा चालतो. आधी सही दाखवतात, मग तिच्याभोवती गोष्ट रचतात, आणि शेवटी एक प्रमाणपत्र जोडतात.

प्रमाणपत्राची किंमत किती, हे २०२२ च्या नोव्हेंबरात जगाने पाहिले. बॉब डिलनच्या नव्या पुस्तकाच्या ९०० प्रती ‘स्वहस्ते सही केलेल्या’ म्हणून ५९९ डॉलरला एक अशा विकल्या गेल्या. सोबत प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखाच्या सहीचे, अस्सलपणाची ग्वाही देणारे पत्रही होते. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली. सह्या एकमेकींवर तंतोतंत बसत होत्या. माणसाचा हात दोनदा अगदी तशीच सही कधीच करत नाही; यंत्र करते. प्रकाशकाने पैसे परत केले. डिलनने जाहीर माफी मागितली आणि २०१९ पासून भोवळीचा त्रास असल्याने सहीच्या यंत्राचा आधार घेतल्याचे सांगितले. इथे ठग कुणी बाहेरचा नव्हता. लेखक खरा, पुस्तक खरे, दुकान खरे, पत्रही खरे. खोटी होती ती फक्त सही. आणि ती पकडली कुणी तज्ज्ञाने नव्हे, तर घेणाऱ्या चाहत्यांनी, एकीशेजारी दुसरी ठेवून.

बीटल्सच्या बाबतीत घोळ त्याहून जुना. १९६३-६४ च्या धामधुमीत सह्यांची मागणी चौघांना पुरी करता येईना, तेव्हा त्यांच्याबरोबर फिरणारे नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल इव्हान्स हेच चौघांच्या सह्या करून देत. अशी सह्यांची वही त्या काळची असते, शाई त्या काळची असते, वही बाळगणाऱ्या मुलीने ती खरोखरच नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी मिळवलेली असते. सगळी साखळी शाबूत, आणि तरी हात दुसऱ्याचा. लंडनच्या सदबीज लिलावगृहाने १९८१ च्या डिसेंबरात रॉक संगीताच्या वस्तूंचा स्वतंत्र लिलाव केला आणि या वह्यांना भाव आला. भाव आला की कारखाने निघतात. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने बनावट सह्यांच्या टोळ्यांवर छापे घातले. त्यांत मिळालेल्या मालात बेसबॉलच्या चेंडूवर मदर तेरेसांची सहीसुद्धा होती. मदर तेरेसा बेसबॉलच्या चेंडूवर सही कशाला करतील, हा साधा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक दुर्मीळ असते, यावरच हा धंदा चालतो.

आपल्याकडे या बाजाराचे रूप अजून लहान आहे. मुंबईचा चोरबाजार, जुन्या तबकड्यांचे विक्रेते, ऑनलाइन लिलाव, आणि ‘आजोबांच्या संग्रहातून’ असे लिहिलेल्या जाहिराती. पण ज्या भूमीने हिंदुस्थानी संगीताला केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, अंजनीबाई मालपेकर, मास्टर दीनानाथ, जितेंद्र अभिषेकी दिले, त्या गोव्यातल्या घरांत कागद, फोटो, तबकड्या आहेत, आणि त्या घरांना आता गिऱ्हाइके विचारू लागली आहेत. म्हणून हा विषय मला तातडीचा वाटतो. एक खोटी सही बाजारात खपली की नुकसान फक्त घेणाऱ्याचे होत नाही. तिच्याबरोबर एक खोटी मैफल, खोटी तारीख, खोटी ओळखही इतिहासात शिरते.

सुरुवात करावी ती सालापासून. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ ला गेले. अब्दुल करीम खाँ २७ ऑक्टोबर १९३७ ला. बॉलपेन बाजारात मोठ्या प्रमाणावर आले ते १९४५ च्या अखेरीस, अमेरिकेत. तंतूच्या टोकाचे, ज्याला आपण स्केचपेन म्हणतो ते, साठच्या दशकातले. तेव्हा दीनानाथांच्या फोटोवर बॉलपेनची गुळगुळीत, एकसारख्या जाडीची, मध्येच शाईचा ठिपका सोडणारी सही असेल, तर अक्षरवळणाच्या तज्ज्ञाकडे जायचे कारणच उरत नाही. टाक किंवा फाउंटन पेनचे निब दाबाबरोबर फाकते, खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी बारीक होते. बॉलपेनला ते जमत नाही. भिंगातून पाहणाऱ्याला हा फरक पाच मिनिटांत कळतो.

कागदही बोलतो. १९५० च्या सुमारास कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात झळाळी आणणारी रसायने घालू लागले. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो, जुना कागद मंद राहतो. १९३० च्या कार्यक्रमपत्रिकेचा कागद या दिव्याखाली झगमगला की समजावे. लेटरहेडचे तसेच. आपल्या देशात पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. १९६८ च्या तारखेच्या पत्रावर छापील पिनकोड असेल, तर पत्र लिहिणारा भविष्यवेत्ता तरी असला पाहिजे. केसरबाईंना पद्मभूषण मिळाले १९६९ ला, मोगूबाईंना १९७४ ला. त्याआधीच्या तारखेच्या कागदावर ते बिरुद येऊ शकत नाही.

गोव्याच्या कागदांना तर काळाच्या जास्तीच्या खुणा आहेत, आणि त्या मुंबई-पुण्याच्या खरेदीदाराला माहीत नसतात. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत इथल्या टपालावर पोर्तुगीज इंडियाचे तिकीट लागे. १९५८ पर्यंत त्यावर रुपिया आणि तांग, १९५९ पासून एश्कुद आणि सेंताव्ह. पेडण्याहून १९५५ ला आलेल्या लिफाफ्यावर भारताचे तिकीट असेल तर पत्र कुठे टाकले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याचे खरे उत्तर असू शकते. सीमेपलीकडे सावंतवाडीला जाऊन पत्र टाकणारी माणसे होती. पण प्रश्न विचारायचा. नावांचे रोमन लिपीतले लेखनही तसेच. केरी या गावाचे नाव पोर्तुगीज कागदात ‘क्यू’ अक्षराने सुरू होई, इंग्रजी ‘के’ने नव्हे. मराठीतला हिशेब त्या पिढीत अनेकदा मोडीत असे. आणि महत्त्वाचा करार असला तर तबेलियांवकडे, म्हणजे नोटरीकडे, सही ओळखून घेण्याची पद्धत होती. ज्या प्रांतात सही खरी असल्याची सरकारदरबारी नोंद करवून घेण्याची सवय होती, तिथल्या जुन्या कागदांत ताडून पाहायला खात्रीच्या नमुना-सह्या मिळण्याची शक्यता मोठी. त्या शोधायचे कष्ट मात्र विक्रेता घेत नाही.

आता तबकडी. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची. मध्यभागी जेमतेम तीन इंच व्यासाचा गोल कागद, तोही बहुतेक गडद जांभळा किंवा काळा, त्यावर सोनेरी छपाई. फाउंटन पेनच्या निळ्या-काळ्या शाईने त्यावर सही केली तर दिसणार कुणाला? म्हणून त्या पिढीच्या गायकांनी सही दिलीच तर ती फोटोवर, कार्यक्रमपत्रिकेवर, चाहत्याच्या वहीत. गडद लेबलवर उठून दिसणारी रुपेरी किंवा पांढरी सही म्हणजे बहुधा अलीकडच्या मार्करचे काम. १९३५ च्या तबकडीवर अशी सही पाहिली की गायक त्या मार्करच्या काळात हयात होता का, एवढे पाहावे. जाड कागदाचे पाकीट असेल तर त्याचा आणि तबकडीचा संबंध असेलच असे नाही. कंपनीची पाकिटे सगळ्या तबकड्यांना सारखीच असत, आणि घराघरांत ती अदलाबदल होत. मागाहून आलेल्या लाँग-प्ले तबकड्यांच्या चित्रमय वेष्टनांवर सही करायला जागा ऐसपैस, पण त्यांतल्या कित्येक गायक गेल्यानंतर निघाल्या. वेष्टनावर छापलेली सहीही अनेकदा हाताची म्हणून विकली जाते. भिंगाखाली छपाईचे बारीक ठिपके दिसतात; हाताची शाई कागदाच्या तंतूंत झिरपलेली दिसते.

तबकडीची खरी जन्मनोंद लेबलवर नसते. गाणे जिथे संपते आणि लेबल जिथे सुरू होते, त्या मधल्या कोऱ्या पट्टीत, लाखेतच उमटलेला एक आकडा असतो. मूळ साचा तयार करताना कोरलेला. लेबल चुकीचे चिकटते, दुसऱ्या छपाईला बदलते. हा आकडा बदलत नाही. त्यावरून ध्वनिमुद्रण कुठल्या सत्रातले, कुठल्या वर्षाचे हे सूचीतून शोधता येते. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ च्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ ला ग्रंथरूपाने दिली. मुंबईत १९९० ला उभी राहिलेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, आणि तिच्यासाठी सुरेश चांदवणकर यांनी केलेले काम, हे या क्षेत्रातले खरे भांडवल आहे. सही तपासायला निघालेल्याने आधी या सूच्या उघडाव्यात. जी तबकडी निघालीच नाही, तिच्यावर सही कशी असेल?

आणि ज्यांनी कधी तबकडी दिलीच नाही त्यांचे काय? भास्करबुवा बखले १९२२ ला गेले, अल्लादिया खाँ १९४६ ला. दोघांच्याही काळात कंपन्या दारोदार फिरत होत्या, तरी त्यांचा आवाज तबकडीवर नाही. नेमके अशांचेच ‘दुर्मीळ ध्वनिमुद्रण’ अधूनमधून प्रकट होते. स्वामी विवेकानंदांच्या १८९३ च्या शिकागोच्या भाषणाचे म्हणून जे ध्वनिमुद्रण घरोघर फिरले, ते त्यांचे नाही. त्या सभेचे ध्वनिमुद्रण झालेच नव्हते. माणसाला हवेहवेसे वाटणारे पुरावे सगळ्यांत आधी खोटे निघतात, कारण तेच करायला सगळ्यांत जास्त मोबदला मिळतो.

सुरुवातीच्या तबकड्यांना मात्र स्वतःची अशी एक सही होती, आणि ती शाईची नव्हती. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजान गायली, तेव्हा तबकड्या जर्मनीतल्या हानोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिराला हिंदुस्थानी नावे कुठून कळणार? म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव मोठ्याने इंग्रजीत सांगे. लेबल बरोबर लागावे एवढाच हेतू. १९०८ ला कलकत्त्यात कारखाना निघाल्यावर ती गरज हळूहळू संपली. पण शंभर वर्षांनंतर, आज, त्या उच्चारलेल्या नावाइतका भक्कम दाखला दुसरा नाही. ज्या बायकांना समाज मैफलीबाहेर मान देत नव्हता, ज्यांची नावे घराण्याच्या वंशावळीत कुणी लिहिली नसती, त्या स्वतःच्या आवाजात आपले नाव सांगून गेल्या.

पेडणे तालुक्यातल्या मालपे गावच्या अंजनीबाईंच्या बाबतीत सालाचा प्रश्न फारच उठून दिसतो. २२ एप्रिल १८८३ चा त्यांचा जन्म. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँ यांच्याकडे त्या शिकल्या. १९५८ ला संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनाही त्यांनी तालीम दिली. ७ ऑगस्ट १९७४ ला त्या गेल्या. राजा रविवर्म्याच्या चित्रांना त्यांचे रूप लाभले, असे त्यांच्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण लिहितो, आणि चित्रांच्या यादीत ‘चांदण्यातली स्त्री’ हे नाव हमखास असते. त्या नावाने जे चित्र सर्वत्र छापले जाते त्याचे साल १८८९ दिलेले असते. १८८९ ला अंजनीबाई सहा वर्षांच्या होत्या. चित्रातली स्त्री तरुण आहे. रविवर्म्याने एकाच विषयाची अनेक चित्रे काढली, तो १९०६ पर्यंत हयात होता, त्यामुळे नंतरच्या एखाद्या चित्रासाठी त्या बसल्या असतील हे शक्य आहे. पण १८८९ च्या चित्रात त्या नाहीत. असे असूनही रविवर्मा छापखान्याच्या ओलिओग्राफखाली, म्हणजे रंगीत छापील चित्राखाली, ‘अंजनीबाई मालपेकर’ असे लिहून भाव चढवायला कुणाला काहीच अडचण येणार नाही. ओलिओग्राफवरची रविवर्म्याची सहीसुद्धा दगडी छापातलीच असते, हाताची नव्हे.

अंजनीबाईंचे मोठेपण चित्रात बसण्यात नाही, त्यांच्या तालमीत आहे. तालमीचा पुरावा लिलावात येत नाही. एखादी बंदिश कुणाकडून कुणाकडे गेली, हे वहीत लिहिलेले नसते. शिष्याच्या गळ्यावरून ओळखू येते. बाजार जे विकू शकतो त्यालाच महत्त्व देतो, म्हणून सुंदर चेहऱ्याची दंतकथा टिकते आणि पंचवीस-तीस वर्षांचे शिकवणे दोन ओळींत उरकले जाते. ही गोष्ट मला सहीच्या फसवणुकीपेक्षाही जास्त लागते.

मग कोर्टकचेरीचे काय, असे कुणी विचारील. बनावट सही हा गुन्हा आहेच. पण अक्षरतज्ज्ञाचे मत आपल्या न्यायालयांत मतच असते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ४५ व्या कलमाने ते ऐकून घेतले जाई, ७३ व्या कलमाने न्यायाधीश स्वतः सही ताडून पाहू शकत, आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यातही या तरतुदी राहिल्या आहेत. तरी एकट्या तज्ज्ञाच्या मतावर निकाल देताना न्यायालये सावध असतात. त्याला कारण आहे. म्हातारपणी, आजारात, मैफलीनंतर घामेजल्या हाताने, गर्दीत उभ्याउभ्या केलेली सही आणि बँकेच्या कागदावरची सही एकाच माणसाच्या असूनही वेगळ्या दिसतात. उलट, नक्कल करणारा जपून, सावकाश, रेघ काढल्यासारखी सही करतो. वळणावर हात थबकतो, नको तिथे लेखणी उचलली जाते. खरी सही घाईची आणि थोडी बेफिकीर असते. पण एवढ्यावर कुणाला फासावर द्यावे असे नाही.

लेखणी कुठे उचलली याहून वस्तू कुठून आली हे जास्त सांगते. गोव्यात ही साखळी तुटण्याची कारणे आपल्या डोळ्यांसमोरची आहेत. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावलीच्या धरणाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते, पण घरे, फडताळे, पेटारे गेले ते गेले. इतर कित्येक कुटुंबे मुंबईला गेली, बिऱ्हाडे बदलली, म्हातारी माणसे गेल्यावर ट्रंका भंगारवाल्याला दिल्या. भंगारवाल्याकडून पुढे गेलेल्या कागदाला मालक नसतो. तिथे बनवणाऱ्याचे फावते, कारण खरा कागद आणि खोटा कागद दोघांनाही तेवढेच, म्हणजे काहीच, मागे-पुढे नसते.

जिथे नोंदी काटेकोर असतात तिथला, याच्या अगदी उलटा अनुभव केसरबाईंच्या तबकडीवरच्या हाताने लिहिलेल्या अक्षरांना आला. १९७७ च्या २० ऑगस्टला आणि ५ सप्टेंबरला नासाने दोन व्हॉयेजर याने अवकाशात सोडली. प्रत्येकावर पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी, आणि तीत आमच्या फोंडे महालातल्या केरी गावच्या केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. अमेरिकेतले संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती तबकडी तयार करणाऱ्या टिमोथी फेरिस यांनी आतल्या कोऱ्या पट्टीत, साच्यावर, हाताने एक ओळ कोरली होती: सगळ्या जगांतल्या, सगळ्या काळांतल्या संगीत करणाऱ्यांना उद्देशून. नासाच्या तपासनिसाने तबकडी नाकारली. आराखड्यात ते अक्षर नव्हते! शेवटी तबकडीच्या समितीचे प्रमुख कार्ल सेगन यांना मध्ये पडावे लागले. मला त्या तपासनिसाचा राग येत नाही. नोंदीत जे नाही ते का आहे, असे विचारणे हेच त्याचे काम होते, आणि त्याने विचारले म्हणूनच त्या अक्षरांची हकीकत आज आपल्याला ठाऊक आहे.

डिचोली-पेडण्याच्या घरांत असा तपासनीस येणार नाही. ते काम घरच्यांनीच करायचे आहे, आणि ते फार अवघड नाही. तबकडी, फोटो, पत्र जसे आहे तसे ठेवावे; पुसू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेट तर मुळीच करू नये. वेगळ्या कागदावर लिहावे: हे कुणाकडे होते, त्यांना कुणी दिले, कुठल्या प्रसंगी, हे आपल्याला कुणी सांगितले. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच लिहावे. आजी हयात असेल तर तिच्याच आवाजात मोबाईलवर टिपून ठेवावे, आणि सुरुवातीला तिला स्वतःचे नाव सांगायला लावावे. विकायचे असले तरी हा कागद वस्तूबरोबर द्यावा आणि एक प्रत घरी राखावी. आणखी एक लक्षात ठेवायचे: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते आणि कागदपत्रे ७५ वर्षांची झाली, आणि इतर वस्तू १०० वर्षांच्या, की त्या पुरावस्तूंत मोडू शकतात; अशी वस्तू परस्पर परदेशी पाठवता येत नाही. १९५० ची पत्रे त्या उंबरठ्यावर आलीच आहेत. ज्यांना घरी जपणे शक्य नाही त्यांच्यासाठी पणजीत पुराभिलेख खाते आहे. १५९५ ला पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु याच्या हाती ज्याची सुरुवात झाली, तोच हा दफ्तरखाना. राजांचे खलिते जिथे सांभाळले गेले, तिथे एखाद्या गायिकेच्या तालमीच्या वहीलाही दप्तर क्रमांक मिळायला हवा, आणि तो मिळावा म्हणून अर्ज आपणच करायला हवा.